सीडीची ७४ मिनिटे, तबकडीची ३ मिनिटे
बिथोवनची दंतकथा, कुमार गंधर्वांचे बालपण आणि शेतात टांगलेली एक चकती

गोव्यातून चोर्ला घाट चढून बेळगावला जाणाऱ्या प्रत्येकाला जांबोटी परिचयाची आहे. खानापूर तालुक्यातील या गावातून एक रस्ता बेळगावकडे आणि दुसरा खानापूरकडे जातो. घाटातील वळणांनी कंटाळलेले प्रवासी येथे चहासाठी उतरतात. मागच्या प्रवासात तेथेच, रस्त्यालगतच्या भाजीच्या वाफ्यात, बांबूच्या काठीला दोऱ्याने बांधलेली एक सीडी वाऱ्यावर फिरताना दिसली. पाखरांना बुजवण्यासाठी केलेला हा उपाय आता कोकणापासून देशापर्यंत सर्वत्र आढळतो. ऊन पडले की त्या चकतीवर इंद्रधनुष्य उमटते आणि त्या लखलखाटाने पाखरे दूर राहतात.

सोबतच्या सहप्रवाशाने लगेच माहिती पुरवली, "सीडीवर ७४ मिनिटांचेच संगीत का मावते, ठाऊक आहे? बिथोवनची नववी सिंफनी तेवढी लांब आहे म्हणून!" ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी प्रश्नमंजूषेत वा भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या संदेशात वाचली असेल. ती ऐकायला गोड आहे. एका बहिऱ्या संगीतकाराच्या स्मरणार्थ जगातील बड्या कंपन्यांनी आपल्या यंत्राचे माप बदलले, ही कल्पना कोणाला आवडणार नाही? मात्र तिच्यातील सत्य थोडे आहे. संगीत आणि यंत्र यांचे खरे नाते समजून घ्यायचे, तर जांबोटीचा रस्ता जेथे पोहोचतो त्या बेळगावच्या परिसरातच त्याहून भक्कम उदाहरण सापडते.

इंद्रधनुष्याच्या आत काय असते?

प्रथम त्या फिरणाऱ्या चकतीकडे पाहू. सीडी १२ सेंटिमीटर व्यासाची असते. पारदर्शक प्लास्टिकमध्ये उमटवलेल्या सूक्ष्म खाचा, त्यांवर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर आणि वर लाखेसारखा संरक्षक लेप, अशी तिची रचना असते. खाचांची एकच रेषा मध्यापासून सुरू होऊन गोगलगायीच्या शंखासारखी बाहेरच्या कडेपर्यंत जाते. या रेषेच्या दोन लगतच्या वेढ्यांतील अंतर अवघे १.६ मायक्रॉन असते. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे चाळीसएक वेढे सहज बसतील. प्रकाशाच्या तरंगलांबीशी जवळीक साधणाऱ्या या बारीक रेघांमुळेच पांढरा प्रकाश रंगांत विभागला जातो. शेतातील इंद्रधनुष्य हे त्या अदृश्य रेघांचेच दर्शन आहे.

यंत्रात एक लेझर किरण या रेषेवरून सेकंदाला सुमारे १.२ मीटर वेगाने सरकतो. ७४ मिनिटांचा हिशेब केला तर ही रेषा सव्वापाच किलोमीटरांहून लांब भरते. हा वेग सर्वत्र सारखा राहावा लागतो. म्हणून आतला छोटा वेढा वाचताना चकती मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि बाहेरच्या मोठ्या वेढ्यापर्यंत येता येता तिचा वेग सुमारे २०० फेऱ्यांवर उतरतो.

त्या रेषेवर नोंदलेले असतात ते आकडे. ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजली जाते. माणसाला साधारण २०,००० कंपनांपर्यंतचा स्वर ऐकू येतो आणि कोणतीही लहर पुन्हा उभी करायची तर तिच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप घ्यावे लागते. त्यासाठी ४०,००० च्या वर कोणताही आकडा चालला असता. नेमका ४४,१०० का निवडला गेला? कारण त्या काळी एवढे आकडे साठवू शकणारे सोयीचे साधन एकच होते, ते म्हणजे व्हिडिओची फीत. जपानी व अमेरिकी पद्धतीत २४५ ओळी, प्रत्येक ओळीत ३ मापे आणि हे सारे सेकंदाला ६० वेळा, म्हणजे ४४,१००. युरोपीय पद्धतीत २९४ ओळी, ३ मापे आणि ५० वेळा, म्हणजे पुन्हा ४४,१००. दूरचित्रवाणीच्या या बेरीज-गुणाकारातून संगीताचे माप ठरले. ही व्हिडिओ फीत पुढे बिथोवनच्या कथेतही येणार आहे.

नववी सिंफनी किती मिनिटांची?

सीडीची घडण हॉलंडच्या फिलिप्स आणि जपानच्या सोनी या दोन कंपन्यांनी मिळून केली. फिलिप्सच्या मनात ११.५ सेंटिमीटरची चकती होती. त्यांच्याच कॅसेटचा कर्ण तेवढा होता आणि ती चकती कोटाच्या खिशात मावली असती. सोनीने १२ सेंटिमीटरचा आग्रह धरला. सोनीचे नोरिओ ओगा हे स्वतः शिकलेले गायक होते. नववी सिंफनी मध्ये न तुटता एका चकतीवर ऐकता यावी, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केल्याचे सांगितले जाते. सर्वांत लांबलेले वादन म्हणून विल्हेल्म फुर्टवेंगलर यांच्या संचालनाखाली १९५१ साली बायरॉइट महोत्सवात झालेल्या प्रयोगाचा दाखला दिला जातो. तो ७४ मिनिटांचा आहे.

फिलिप्समध्ये सीडीच्या संकेतलेखनाचे काम करणारे अभियंते कीस इमिंक यांनी पुढे या कथेची दुसरी बाजू लिहून ठेवली. फिलिप्सशी संलग्न असलेल्या पॉलिग्रामचा कारखाना जर्मनीत हॅनोव्हर येथे ११.५ सेंटिमीटरच्या चकत्या काढण्याच्या तयारीत होता. सोनीकडे असा कारखाना नव्हता. माप बदलले की प्रतिस्पर्ध्याची आघाडी आपोआप संपणार होती. व्यापारातील या डावाला बिथोवनचे नाव शोभून दिसले, एवढेच. गमतीचा भाग असा की आरंभीच्या काळात सीडीची मूळ प्रत ज्या व्हिडिओ फितीवर तयार होई, ती फीत जेमतेम ७२ मिनिटांची होती. म्हणजे ज्या वादनासाठी चकती मोठी केली म्हणतात, ते वादनच त्या वेळी एका चकतीवर आणता येत नव्हते.

याहून महत्त्वाची गोष्ट बिथोवनच्या चरित्रात आहे. १७७० साली बॉन येथे जन्मलेल्या या संगीतकाराला तिशीच्या आतच ऐकू कमी येऊ लागले. १८१८ पासून लोक त्याच्याशी वहीत लिहून बोलत. ७ मे १८२४ रोजी व्हिएन्नात नववी सिंफनी प्रथम वाजली तेव्हा त्याची पाठ श्रोत्यांकडे होती. टाळ्यांचा कडकडाट त्याला कळला नाही. कारोलिने उंगर या गायिकेने त्याला वळवून उभे केले, तेव्हा त्याने तो डोळ्यांनी पाहिला.

या बहिऱ्या माणसाला त्या काळच्या एका नव्या यंत्राचे आकर्षण होते. योहान मेल्झेलने मेट्रोनोम हे लयमापक यंत्र १८१५ च्या सुमारास बाजारात आणले. बिथोवनसाठी कानाला लावायची कर्णेही त्यानेच करून दिली होती. बिथोवनने या यंत्राच्या आधारे आपल्या सिंफनींच्या लयी आकड्यांत लिहून ठेवल्या. नवव्या सिंफनीसाठी त्याने दिलेले आकडे पाळले तर ती तासाभराच्या आसपास संपते. फुर्टवेंगलरांनी ती सव्वा तासाजवळ नेली. तेव्हा ७४ मिनिटे हे त्या एका संचालकाच्या एका संध्याकाळच्या वादनाचे माप आहे. आपल्याकडे एकच बंदिश एक गवई मध्य लयीत बांधतो आणि दुसरा अतिविलंबितात तास रंगवतो, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. रचना आणि तिचा काळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तीन मिनिटांचा पिंजरा

हॅनोव्हरचे नाव वर आले, त्याचा आपल्याशी जुना संबंध आहे. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. त्या तबकड्या हॅनोव्हरच्या कारखान्यातच तयार होऊन भारतात आल्या. गाणे संपताच गौहर जान इंग्रजीत आपले नाव उच्चारतात ते याचसाठी, की सातासमुद्रापलीकडील कारागिरांना चिठ्ठी कोणत्या नावाची चिकटवायची हे कळावे. आपल्या रागसंगीताची यंत्राशी पहिली गाठ पडली ती अशी.

त्या तबकडीवर तीन, फार तर साडेतीन मिनिटे मावत. याचे कारण साध्या हिशेबात आहे. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई. तीन मिनिटांना २३४ फेरे झाले. पोलादी सुई जाड असल्याने चर रुंद ठेवावे लागत आणि एका इंचात शंभराच्या आसपासच चर मावत. दहा इंची तबकडीत मधली चिठ्ठी व भोक वगळले की त्रिज्येवर अडीच-तीन इंचांची पट्टी उरते. तेवढ्यात २३४ वेढे बसतात आणि तबकडी संपते. बारा इंची तबकडीवर मिनिटभर अधिक मिळे. तबकडीत वापरली जाणारी लाख मुख्यतः आपल्याच देशातील जंगलांतून जाई. लाखेला चिवटपणा नसतो. म्हणून चर बारीक करता येत नसत आणि हातातून निसटलेली तबकडी ताटलीसारखी फुटे. १९४८ साली विनाइल प्लास्टिकची, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी बारीक चरांची तबकडी आली, तेव्हा कोठे एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मिळू लागली.

जो ख्याल मैफलीत तास घेई, तो तीन मिनिटांत आणायचा म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. अस्ताई, अंतरा, दोन-चार आलाप, थोड्या ताना आणि शेवट. सावकाश बढत करायला तेथे वाव नव्हता. काही बुजुर्गांनी या यंत्राकडे पाठ फिरवली. काहींनी त्या तीन मिनिटांत रागाचे असे अर्क काढले की आजही ते ऐकताना कान टवकारतात. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ हे या दुसऱ्या वर्गातले. मिरज, बेळगाव, धारवाड या पट्ट्यात त्यांच्या तबकड्या घरोघरी वाजत.

सुळेभावीचा मुलगा

बेळगाव शहर ओलांडून पुढे गेले की सुळेभावी हे गाव लागते. ८ एप्रिल १९२४ रोजी तेथे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म झाला. घरची भाषा कानडी. हा मुलगा सहा-सात वर्षांचा असताना मोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्या जशाच्या तशा गाऊ लागला. आवाजाची फेक, हरकत, श्वास घेण्याची जागा, सारे हुबेहूब. एका स्वामींनी त्याला 'कुमार गंधर्व' असे नाव दिले आणि तेच रूढ झाले. १९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमधील संगीत परिषदेत त्याने गायला सुरुवात केली, तेव्हा त्याचे वय बारा वर्षांहूनही कमी होते. समोर बसलेल्या थोर कलावंतांना आपल्याच पिढीचे आवाज एका मुलाच्या गळ्यातून ऐकू आले.

घरगुती वापराच्या एका यंत्राने संगीतकाराच्या आयुष्यात काय केले, याचे हे स्वच्छ उदाहरण आहे. पूर्वी घराणे म्हणजे कुंपण होते. एका उस्तादाचा शिष्य दुसऱ्याचे गाणे सहसा ऐकत नसे. ऐकले तरी ते उचलणे निषिद्ध होते. तबकडीने ते कुंपण ओलांडले. आग्रा, किराणा, ग्वाल्हेर अशा सर्वांचे गाणे बेळगावच्या परिसरातील एका मुलाला पुन्हा पुन्हा, हवे तेव्हा, कोणाची परवानगी न मागता ऐकता आले. मैफलीत निसटलेली जागा परत येत नाही. तबकडीवर सुई मागे नेली की ती परत येते.

मात्र तबकडीने त्याला प्रत्येक गवयाची तीनच मिनिटे दिली. राग कसा उलगडायचा, बंदिशीचा चेहरा कसा ओळखायचा, हे त्या चरांत लिहिलेले नव्हते. त्यासाठी तो मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे राहिला. मिरजेत जन्मलेले देवधर हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. निरनिराळ्या घराण्यांच्या गायकांकडून त्यांनी बंदिशी जमवल्या होत्या आणि पाश्चात्त्य संगीताचाही त्यांचा अभ्यास होता. नक्कल उत्तम करणाऱ्या मुलाला नकलेतून बाहेर काढण्याचे अवघड काम तेथे झाले. यंत्राने कान दिला आणि गुरूने दृष्टी दिली, असे या टप्प्याचे वर्णन करता येईल.

श्वासाची दुसरी दंतकथा

स्वातंत्र्याच्या सुमारास कुमारांना क्षयाने गाठले. १९४८ साली ते हवापालटासाठी मध्य प्रदेशातील देवास येथे गेले. एक फुफ्फुस निकामी झाले आणि पुढची काही वर्षे गाणे बंद राहिले. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध नुकतेच उपलब्ध झाले होते. त्याने ते वाचले. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत गायला बसले.

अंथरुणावरच्या त्या वर्षांत त्यांनी माळव्यातील लोकगीते ऐकली. दारावरून जाणाऱ्या भिक्षेकऱ्यांची आणि सणावारांना गाणाऱ्या बायकांची ती गाणी होती. लोकधुनांच्या पोटात रागाची बीजे असतात, हा त्यांचा विचार तेथे पक्का झाला. लगनगंधार, सहेली तोडी, गांधीमल्हार अशा रागांचे ते निर्माते ठरले. १९६५ साली मौज प्रकाशनाने काढलेल्या 'अनूपरागविलास' या ग्रंथात त्यांच्या स्वतःच्या बंदिशी आहेत. गायक असलेला हा माणूस येथे वाग्गेयकार म्हणून उभा राहिला.

त्यांच्या गाण्यातील तुटक, विजेसारख्या चमकणाऱ्या ताना आणि मधल्या शांतता पाहून "एकच फुफ्फुस होते, दम पुरत नव्हता, म्हणून ती शैली झाली," असे सर्रास म्हटले जाते. बिथोवनच्या ७४ मिनिटांच्या कथेशी या समजुतीचे जवळचे नाते आहे. दोन्हींत एका मोठ्या निर्मितीला एकच सोपे कारण चिकटवले जाते. श्वास कमी झाला हे खरे, जसे ओगांना सिंफनी प्रिय होती हेही खरे असेल. पण श्वास कमी झालेले पुष्कळ गायक गप्प बसले. कुमारांनी त्या मर्यादेत काय गायचे ते निवडले. ती निवड बालपणीच्या तबकड्या, देवधरांचे शिक्षण आणि देवासच्या अंगणातील गाणी या तिन्हींतून घडली होती. यंत्राची मर्यादा असो की देहाची, ती फक्त चौकट ठरवते. आत काय भरायचे ते कलावंतच ठरवतो.

दोन केरी आणि एक सोनेरी तबकडी

चोर्ला घाट उतरून गोव्यात आले की सत्तरीतील केरी लागते. केसरबाई केरकर यांची केरी ती नव्हे. त्यांची केरी फोंडा तालुक्यात आहे. १८९२ साली तेथे जन्मलेल्या केसरबाईंना जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांची तालीम लाभली. तासन् तास राग पेलणाऱ्या या गायिकेची भैरवीतील साडेतीन मिनिटांच्या आसपासची एक रचना १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील तबकडीसाठी निवडली गेली. तांब्याच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या या तबकडीवर अधिक संगीत मावावे म्हणून तिचा वेग मिनिटाला १६⅔ फेरे, म्हणजे नेहमीच्या लाँगप्लेच्या निम्मा, ठेवला होता. तिच्यावर सुमारे दीड तासाचे संगीत बसले. त्यात बिथोवनही आहे. मात्र नववी सिंफनी नाही. पाचव्या सिंफनीचा पहिला भाग आणि एका चतुर्वाद्य रचनेचा तुकडा एवढेच त्याच्या वाट्याला आले. व्हॉयेजर-१ चे उड्डाण ५ सप्टेंबर १९७७ रोजी झाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाईंचे निधन झाले. गोमंतकाच्या मातीतील तो आवाज जुन्या तबकडीच्या मापात बसणाऱ्या काळात सूर्यमालेबाहेर प्रवास करतो आहे.

टांगण्यापूर्वी

आता जांबोटीच्या त्या वाफ्याकडे परत येऊ. बाजारात विकली जाणारी छापील सीडी आणि घरी संगणकावर भरलेली सीडी या वरून सारख्या दिसल्या तरी वेगळ्या असतात. छापील सीडीत खऱ्या खाचा असतात. घरी भरलेल्या सीडीत खाचा नसतात. लेझरने रंगद्रव्याच्या थरावर उमटवलेले डाग असतात आणि हे रंगद्रव्य उन्हाने विटते. एखादा उन्हाळा शेतात काढला तर त्यावरचे गाणे कायमचे जाऊ शकते. शिवाय सीडीचा चमकता थर चिठ्ठीच्या बाजूला, अगदी वर असतो. खालच्या प्लास्टिकवर पडलेला ओरखडा पुष्कळदा पुसून निघतो, वरच्या बाजूचा थर खरवडला गेला की दुरुस्ती नाही.

गोव्यात आणि बेळगाव-खानापूरच्या पट्ट्यात देवळांच्या उत्सवांतील गाणी, गावच्या नाटकांतील पदे, घरगुती मैफली आणि आजोबांची भजने कॅसेटवर टिपली गेली. वीसएक वर्षांपूर्वी त्यांतली बरीचशी हौसेने अशा घरगुती सीडींवर उतरवण्यात आली. त्यांची दुसरी प्रत बहुधा कोठे नसते. चकती चालवणारे यंत्र आता दुकानांत सहज मिळत नाही, म्हणून ती निरुपयोगी ठरते आणि वाफ्यात टांगली जाते. त्यापूर्वी एखाद्या ओळखीच्या संगणकावर ती एकदा लावून पाहावी आणि ऐकू येते ते उतरवून दोन ठिकाणी ठेवावे. लाखेच्या तबकड्या घरात असतील तर त्या आडव्या न रचता पुस्तकांसारख्या उभ्या, थंड व कोरड्या जागी ठेवाव्यात. सुळेभावीच्या मुलाच्या कानावर त्या तबकड्या पडल्या, कारण कोणीतरी त्या जपून ठेवल्या होत्या आणि घरात वाजत ठेवल्या होत्या.